अटलांटा ब्रेव्हज (बेसबॉल) २०२१ : अकुन्याशिवाय पुढे काय? ३० जुलैच्या आत कोणाला घ्यावं, कोणाला द्यावं

पीचट्री_पेशवा | ११ जुलै २०२१

आपला स्टार आउटफिल्डर अकुन्या, त्याच्या उजव्या गुडघ्याचा एसीएल (मधला स्नायुबंध) पूर्ण फाटलाय. हंगाम संपला. ८२ सामन्यांत २४ होमर (थेट मैदानाबाहेर मारलेले फटके) आणि १७ स्टील (पळून चोरलेले बेस) करणारा माणूस गेला. ओझुना मेपासून नाही, सोरोकाची टाच पुन्हा गेली, इनोआने बाकावर बुक्की मारून हात मोडून घेतला, डारनोचा अंगठा ऑगस्टपर्यंत बरा होत नाही. रडणं झालं. आता हिशोब.

ऑल-स्टार सुट्टीला आपण ४४-४५. मेट्स ४७-४०, म्हणजे ४ सामने पुढे. मध्ये फिलीज ४४-४४. वाइल्ड कार्ड (डिव्हिजन न जिंकता प्लेऑफमध्ये जायची वाट) विसरा : जायंट्स, डॉजर्स, पाद्रेज तिघेही पश्चिमेत सुसाट आहेत आणि दुसऱ्या वाइल्ड कार्डवर बसलेल्या पाद्रेजच्या आपण ७ सामने मागे आहोत. डिव्हिजन जिंकणं हा एकच रस्ता.

ट्रेडची, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची डेडलाइन यंदा शुक्रवार ३० जुलै, ईस्टर्न वेळेने दुपारी ४. भारतातल्यांसाठी रात्रीचा दीड. २०१९ पासून ऑगस्टमधले वेव्हरचे (आधी बाकी संघांना उचलायची संधी देऊन केलेले) ट्रेड बंद आहेत. पूर्वी ३१ जुलै चुकली तर महिनाभर मागच्या दाराने कोणी ना कोणी मिळायचा, आता नाही. त्यामुळे ऑगस्टमध्ये कोण मोडेल याचाही माल आत्ताच भरावा लागतो.

आज आपली आउटफिल्ड म्हणजे एरेडिया, अल्मोन्टे, इन्सियार्ते आणि डाव्या कोपऱ्यात मूळचा शॉर्टस्टॉप आर्सिया. पाचेला एप्रिलमध्ये संधी दिली, सरासरी .१११.

प्रस्ताव मांडताना तीन गोष्टी लिहा : कोण जाणार, येणाऱ्याचा किती पगार उरलाय, आणि तो किती वर्षं आपल्या ताब्यात राहील. नुसतं 'माइक ट्राउट आणा' लिहिलं तर दुर्लक्ष केलं जाईल.

तात्या_१९९५ | ११ जुलै

विका. ३ वर्षं सलग डिव्हिजन जिंकली, एक वर्ष नाही जिंकली तर आकाश कोसळत नाही. अकुन्यासकट पन्नास टक्क्यांच्या खाली असलेला संघ अकुन्याशिवाय वर कसा जाणार?

मॉर्टन ३७ वर्षांचा, एका वर्षाचा दीड कोटी डॉलरचा करार. पेनंट (लीगचं विजेतेपद) रेसमधला कुठलाही संघ त्याच्यासाठी चांगला पिचिंग प्रॉस्पेक्ट देईल. विल स्मिथ, स्मायली, ख्रिस मार्टिन यांनाही गिऱ्हाईक आहे. १९८७ आठवा. आपण डॉयल अलेक्झांडर डेट्रॉइटला दिला. तो तिथे ९-० गेला, ईआरए (दर नऊ इनिंग्जमागे दिलेल्या धावा) १.५३, टायगर्सनी डिव्हिजन जिंकली. आणि आपल्याला कोण मिळाला? मायनर लीगमध्ये मार खाणारा एक पोरगा, नाव जॉन स्मोल्ट्झ. आज तो हॉल ऑफ फेममध्ये आहे.

मृणाल_कमिंग | १२ जुलै

तात्या, फर्स्ट बेसमन फ्रीमनचं काय? तुमच्या यादीत त्याचं नाव सोयीस्कर गळलंय.

तो या वर्षअखेर मोकळा होतोय, पण त्याला विकणं आपल्या हातात नाही. १० वर्षं मेजर लीग सेवा आणि त्यातली शेवटची ५ एकाच संघात झाली की खेळाडूला ट्रेड नाकारायचा हक्क मिळतो. फ्रीमन सप्टेंबर २०१० मध्ये आला, म्हणजे हे दोन्ही निकष गेल्या हंगामाअखेर पुरे झाले. तो 'हो' म्हणेपर्यंत समोरच्या संघाशी बोलणं फुकट. वॉशिंग्टनला त्यांचा पिचर शर्झर याच्या बाबतीत हेच भोवणार आहे, तो म्हणेल तिथेच पाठवावा लागेल.

दुसरं. फ्रीमनला ठेवलं तर निदान क्वालिफाइंग ऑफर (एका वर्षाचा ठरावीक रकमेचा करार) देता येते. त्याने ती नाकारून दुसरीकडे करार केला की आपल्याला ड्राफ्टमधला एक पिक भरपाई मिळतो. ही ऑफर फक्त अख्खा हंगाम एकाच संघात काढलेल्या खेळाडूला देता येते. म्हणून मध्यावर घेतलेला रेंटल (उरलेल्या हंगामापुरता खेळाडू) ऑक्टोबर संपला की हातात काहीच न ठेवता जातो. त्याची किंमत ठरवताना हे लक्षात ठेवा.

नवखा_पुणेकर | १२ जुलै

एक बाळबोध प्रश्न. कालच ड्राफ्टमध्ये आपण रायन कुझिक हा पिचर घेतला, २४ वा पिक. त्यालाच पुढे करून कोणी मोठा का आणत नाही? आयपीएलमध्ये लिलाव झाला की खेळाडू तुमचा, पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवता.

मृणाल_कमिंग | १२ जुलै

चालत नाही. ड्राफ्ट केलेला खेळाडू त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज संपेपर्यंत ट्रेड करता येत नाही. पुढच्या वर्षीचे पिकही देता येत नाहीत; अपवाद फक्त छोट्या बाजारपेठांना मिळणाऱ्या कॉम्पिटिटिव्ह बॅलन्स पिकांचा. त्यामुळे चलन मुख्यतः तीन प्रकारचं : आधीचे मायनर लीग खेळाडू, मेजर लीग रोस्टरवरचे खेळाडू, आणि पैसे. चौथा म्हणजे 'नंतर नाव सांगू' असा खेळाडू, पण त्याचं नाव ६ महिन्यांत सांगावं लागतं.

डावखुरा | १२ जुलै

आणि आपलं चलन वाटतं तेवढं नाही. २०१७ मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या करारांतल्या गैरप्रकारांवरून लीगने आपले १३ प्रॉस्पेक्ट मोकळे केले, आपला तेव्हाचा जनरल मॅनेजर कोपोलेला याच्यावर बंदी घातली. त्यानंतर २०१९-२० मध्ये परदेशी पोरांना १० हजार डॉलरवर बोनस द्यायला मनाई, पुढच्या वर्षी बोनसचा निधी निम्मा. वरच्या पायऱ्या भरलेल्या दिसतात, खालच्या पोकळ आहेत.

देण्याजोगे : पाचे, ड्रू वॉटर्स, लँगेलियर्स, कायल मुलर, शूमेक, आणि रोमला (जॉर्जियातला आपला मायनर लीग संघ) असलेला मायकेल हॅरिस. पाचेचा भाव .१११ नंतर पडलाय. पडलेल्या भावात विकणं शहाणपणाचं नाही. हॅरिसला हात लावू नये असं माझं मत.

पीचट्री_पेशवा | १३ जुलै

बरं, माझा प्रस्ताव क्रमांक १ : स्टार्लिंग मार्टे. सेंटरफिल्डर, .३०० च्या वर बॅटिंग, पळतोय अजून. पगार १ कोटी २५ लाख, हंगामानंतर मोकळा. मार्लिन्स आपल्याच डिव्हिजनमध्ये, पण तेही विकायला बसलेत.

प्रस्ताव २ : ब्रायन रेनॉल्ड्स, पिट्सबर्ग. २०२५ पर्यंत ताब्यात. हा खरा मासा.

प्रस्ताव ३ : जोई गॅलो, २०२२ पर्यंत ताब्यात.

आकडेमोड | १३ जुलै

पेशवे, तीनही नावं चांगली आहेत आणि तीनही आपल्या कामाची नाहीत. गणित मांडते.

आपले ७३ सामने उरलेत, म्हणजे हंगामाचा ४५ टक्के. सरासरी दर्जाचा रोजचा खेळाडू अख्ख्या हंगामात साधारण २ वॉर (सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा जास्तीचे विजय) देतो, म्हणजे उरलेल्या काळात ०.९. मार्टेसारखा ४-५ च्या गतीने चालणारा २ च्या आसपास देईल. ठीक, एका जागेवर २ विजय.

पण आपल्याकडे भोक एक नाही. आउटफिल्डच्या तीनही जागांवर आज जे उभे आहेत ते शून्याच्या आसपास किंवा खाली. तिथे तीन सरासरी माणसं उभी केली तर २.७ विजय. एक स्टार आणि दोन भोकं यापेक्षा तीन साधे बॅटर जास्त देतात, आणि तिघांची मिळून किंमत मार्टेच्या निम्मीही पडणार नाही. सरासरी दर्जाचे, करार संपत आलेले कोपऱ्यातले आउटफिल्डर दर जुलैमध्ये ढिगाने असतात. विकणारे १०-१२ संघ, आणि प्रत्येकाकडे असा एक तरी माणूस ज्याचा पगार त्यांना आता खुपतो.

अजून एक. तीन माणसांत धोका विभागतो. मार्टेचा स्नायू दुखावला की सगळी गुंतवणूक आयएलवर (जखमींच्या यादीत).

तात्यांच्या प्रश्नाचंही उत्तर देते. ४४-४५ असूनही आपला धावांचा फरक अधिकमध्ये आहे. आपण कमी फरकाने हरतोय आणि मोठ्या फरकाने जिंकतोय. फ्रीमन, ऑल्बीज, स्वान्सन, रायली हा इनफिल्ड चारही जागांवर ताकदीने मारतोय. असा इनफिल्ड ज्याच्याकडे आहे त्याने विकायला बसू नये.

तात्या_१९९५ | १३ जुलै

गणित छान. २००७ मध्येही छान होतं. टेक्सेराला आणलं, त्याने ५४ सामन्यांत १७ होमर मारले. झालं काय? ८४-७८, तिसरा नंबर. बदल्यात साल्टलामाकिया, एल्व्हिस अँड्रस, नेफ्ताली फेलिझ, मॅट हॅरिसन गेले. अँड्रस आणि फेलिझ २०१० मध्ये टेक्सासकडून वर्ल्ड सिरीज खेळले. आणि टेक्सेराला वर्षभरात एंजल्सला दिला तेव्हा हाती काय लागलं? कॉचमन.

डावखुरा | १३ जुलै

तात्या, ते उदाहरण आकडेमोडताईंच्याच बाजूचं आहे. टेक्सेरा हाच तो 'एक मोठा'. त्या संघाची खरी दुखरी नस पिचिंग होती आणि आपण फर्स्ट बेसमन घेतला. चूक विकत घेण्यात नव्हती, चुकीच्या भोकाला बूच घालण्यात होती.

१९९३ घ्या. जायंट्सच्या जवळपास १० सामने मागे होतो. १८ जुलैला मॅकग्रिफ आणला. निएव्हेस, एलियट, मूर हे तिघं दिले, तिघांचंही पुढे फारसं काही झालं नाही. त्याच्या पहिल्या सामन्याआधी स्टेडियमच्या प्रेसबॉक्सला आग लागली. शेवटी १०४-५८, जायंट्स १०३-५९. तेव्हा पिचिंग तयार होतं आणि फर्स्ट बेसवर दम नव्हता. जिथे खड्डा होता तिथेच भर घातली.

मृणाल_कमिंग | १५ जुलै

पहिला ट्रेड झाला! आउटफिल्डर जॉक पीडरसन शिकागो कब्जकडून, बदल्यात ब्राइस बॉल.

बॉल म्हणजे २०१९ च्या २४ व्या फेरीतला फर्स्ट बेसमन, ताकद प्रचंड, पण अजून हाय-ए मध्ये (मायनर लीगची मधली पायरी). नॅशनल लीगमध्ये यंदा, २०२१ ला, डीएच (पिचरच्या जागी फक्त बॅटिंग करणारा) नाही, त्यामुळे फक्त फर्स्ट बेस खेळणाऱ्या पोराला इथे जागा कधी मिळणार हाच प्रश्न होता.

पैशांचा हिशोब : पीडरसनचा यंदाचा पगार ४५ लाख. हंगाम १८६ दिवसांचा, उद्यापासून धरले तर ८० दिवस उरले, म्हणजे ४३ टक्के, साधारण १९ लाख डॉलर. पुढच्या वर्षीचा १ कोटीचा परस्पर-संमतीचा पर्याय आहे, तो संघाने नाकारला तर २५ लाख द्यायचे. परस्पर-संमतीचा पर्याय दोन्ही बाजूंनी स्वीकारला गेलाय असं फारच क्वचित घडतं, म्हणून ते २५ लाख खर्चात धरूनच चला. एकूण ४४ लाखांच्या आसपास.

लक्झरी टॅक्सची रेषा यंदा २१ कोटी, आपण तिच्यापासून बरेच लांब. अडचण टॅक्सची नाही, आपली मालक कंपनी लिबर्टी मीडिया किती सोडते याची आहे.

आकडेमोड | १५ जुलै

.२३०, ११ होमर. बघा, हाच तो 'सरासरी'. फक्त त्याला डावखुऱ्या पिचरसमोर रोज उभं करू नका. डॉजर्सनी त्याला वर्षानुवर्षं उजव्यांसमोरच वापरला, आणि त्याला कारण होतं. म्हणजे आता उजव्या हाताने मारणारा जोडीदार हवा.

नवखा_पुणेकर | १५ जुलै

नेल्सन क्रूझ? उजवा आहे, मिनेसोटा विकतेय म्हणतात.

डावखुरा | १५ जुलै

क्रूझला हातमोजा कुठे ठेवलाय ते आठवत नसेल. डीएच नसलेल्या लीगमध्ये तो फक्त पिंच-हिटर. अमेरिकन लीगवाले त्याला जास्त भाव देतील आणि ते रास्तच आहे.

पीचट्री_पेशवा | १९ जुलै

पुन्हा मोजायची वेळ आली. मेट्सचा लिंडोर पोटाच्या बाजूच्या स्नायूने आयएलवर, डीग्रोम हाताच्या दुखण्याने आयएलवर. चार सामन्यांचं अंतर आठवड्यापूर्वी डोंगर होतं, आता नाही.

मध्यंतरी ॲरिझोनाकडून स्टीव्हन व्होगटही आला. डारनो परत येईपर्यंत विल्यम कॉन्ट्रेरासवर सगळा भार होता, आता अनुभवी कॅचर मिळाला. छोटा ट्रेड, पण रोजच्या कामाचा.

तात्या_१९९५ | १९ जुलै

एक दिवस जिंकतोय, एक दिवस हरतोय. असं चालत राहिलं तर ३० तारखेला जिथल्या तिथेच असू. इयन अँडरसनचा खांदाही दुखतोय. पिचर कुठून आणणार?

डावखुरा | १९ जुलै

पिचरवर मी इथे जरा सविस्तर लिहितो, कारण सगळे आउटफिल्डवर अडकलेत.

स्टार्टर (सामना सुरू करणारे पिचर) : फ्रीड, मॉर्टन, स्मायली, मुलर, आणि पाचव्या जागी टूसां किंवा ब्राइस विल्सन. शर्झर आपल्याला मिळणार नाही, तो पश्चिम किनाऱ्याकडे डोळे लावून बसलाय असं सगळे म्हणतायत. मधल्या दर्जाचा स्टार्टर, समजा टेक्सासचा कायल गिब्सन, २०२२ पर्यंत कराराखाली आहे म्हणून महाग. इनोआ ऑगस्टच्या मध्यात येईल, अँडरसन नंतर. स्टार्टरसाठी किंमत मोजू नये.

बुलपेन (स्टार्टरनंतर येणारे पिचर) वेगळी गोष्ट. विल स्मिथ, मॅट्झेक, ल्यूक जॅक्सन, मार्टिन, मिंटर. पाचजण आहेत, पण सलग तिसऱ्या दिवशी कोण? आपला जुना क्लोझर (शेवटची इनिंग टाकणारा पिचर) किंब्रेल शिकागोत ०.४९ ईआरएने टाकतोय. भावना समजतो, पण त्याच्या पुढच्या वर्षीच्या पर्यायाची किंमत १ कोटी ६० लाख आणि कब्ज त्याच्यासाठी रोजचा मेजर लीग खेळाडू मागतील. जुलैमध्ये क्लोझर विकत घेणं म्हणजे भर पावसात छत्री घेणं, दुकानदार सांगेल तो भाव. एएने (आपला जनरल मॅनेजर ॲलेक्स अँथोपोलस) २०१९ मध्ये मेलन्सन, ग्रीन, मार्टिन असे तिघं साध्या भावात आणले होते, तसंच करावं.

मृणाल_कमिंग | २० जुलै

एए टोरांटोत असताना २०१५ मध्ये तुलोवित्स्की आणि प्राइस एकाच आठवड्यात आणले होते, हेही विसरू नका. माणूस शांत दिसतो, पण मोठा डाव त्याला अगदी वर्ज्य नाही.

रोस्टरबद्दल, कारण व्यक्तिगत निरोपांत बरेच प्रश्न आलेत.

२६ जणांचा रोस्टर (सामन्याला उपलब्ध संघ) आणि ४० जणांचा रोस्टर (राखीव धरून मोठी यादी) या वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रेडमध्ये येणारा मेजर लीग खेळाडू दोन्हींवर जागा खातो. अकुन्या, सोरोका ६० दिवसांच्या आयएलवर गेले की ४० मधली जागा सुटते, १० दिवसांच्या आयएलवर सुटत नाही. मात्र जखमी बरा होऊन परतला की ती जागा परत द्यावी लागते. ऑगस्टमध्ये डारनो आणि इनोआ दोघं येणार. म्हणून आत्ताच ४० मधला कोणी देऊन टाकला तर दुहेरी फायदा : मोबदलाही मिळतो आणि जागाही होते. नाहीतर त्याला वेव्हरवर टाकावं लागेल आणि तो फुकट जाईल.

ऑगस्टमध्ये ट्रेड नाहीत, पण वेव्हरवरून उचलणं चालू असतं. ३१ ऑगस्टच्या मध्यरात्रीपर्यंत संस्थेत आलेलाच ऑक्टोबरमध्ये खेळू शकतो.

आकडेमोड | २० जुलै

म्हणजे ॲलेक्स जॅक्सन. ४० वर आहे, कॅचर आहे, ताकद आहे, आणि कॉन्ट्रेरास-लँगेलियर्स असताना त्याला इथे भविष्य नाही. त्याला चलन म्हणून वापरा.

पीचट्री_पेशवा | २८ जुलै

मार्टे गेला. ओकलंडला, हेसूस लुझार्डोच्या बदल्यात. वर मार्लिन्स त्याचा उरलेला पगारही भरणार.

हे नीट बघा, कारण बाजार कसा चालतो ते इथे दिसतं. मार्लिन्सनी पगार स्वतः भरून त्या पैशांत चांगला प्रॉस्पेक्ट विकत घेतला. दोन महिन्यांच्या भाड्यासाठी ओकलंडने अनेक वर्षं ताब्यात राहणारा डावखुरा पिचर दिला. ही किंमत आपण मुलरच्या रूपात मोजली असती. प्रस्ताव क्रमांक १ मी मागे घेतो.

आकडेमोड | २९ जुलै

गॅलोसुद्धा यांकीजकडे. चार प्रॉस्पेक्ट. रेनॉल्ड्सला पायरेट्स सोडत नाहीत. पेशव्यांचे तीनही प्रस्ताव बाजाराने निकाली काढले.

तात्या_१९९५ | २९ जुलै

आणि आपण हातावर हात धरून बसलोय. इन्सियार्तेला मोकळं केलं, त्याच्या जागी कोण? अजून उद्या दुपारपर्यंत वेळ आहे, मॉर्टन विका म्हणतोय.

डावखुरा | ३० जुलै, दुपारी

शर्झर आणि ट्रे टर्नर दोघंही डॉजर्सकडे. ब्रायंट जायंट्सकडे. बाएझ मेट्सकडे, बदल्यात पीट क्रो-आर्मस्ट्राँग, म्हणजे २०२० चा पहिल्या फेरीतला पोरगा. फिलीजनी गिब्सन घेतला आणि स्पेन्सर हॉवर्ड दिला. डिव्हिजनमधल्या दोघांनीही किंमत मोजलीय.

मृणाल_कमिंग | ३० जुलै, सायंकाळी

थांबा थांबा, एका दिवसात चार. क्रमाने लिहिते.

ॲडम डुव्हॉल, मार्लिन्सकडून. दिला ॲलेक्स जॅक्सन. आकडेमोडताई, पेढे. डुव्हॉल यंदा २२ होमर, ६८ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर निघालेल्या धावा). गेल्या डिसेंबरात आपणच त्याला करार न देता सोडला होता.

होर्हे सोलेर, रॉयल्सकडून. दिला केसी कॅलिच, मायनरमधला रिलिव्हर. सोलेर .१९२, १३ होमर, पण २०१९ मध्ये ४८ मारलेत. उरलेले ६५ दिवस, ८० लाखांच्या पगारातले २८ लाखांच्या आसपास.

एडी रोसारियो, क्लीव्हलंडकडून. दिला पाब्लो सँडोव्हाल, ज्याला क्लीव्हलंड लगेच सोडून देतेय. म्हणजे खरं तर त्यांनी फक्त पगार उतरवला. रोसारियो पोटाच्या स्नायूने आयएलवर आहे, ऑगस्टअखेरपर्यंत येणार नाही.

रिचर्ड रॉड्रिगेझ, पायरेट्सचा क्लोझर. दिले ब्राइस विल्सन आणि रिकी डेव्हिटो. २०२३ पर्यंत ताब्यात.

पाचे, वॉटर्स, हॅरिस, लँगेलियर्स, मुलर : सगळे जागेवर.

तात्या_१९९५ | ३० जुलै

.१९२ वाला, जखमी वाला, आपणच सोडलेला, आणि एक क्लोझर. हे पेनंट जिंकणार? ब्राइस विल्सनने गेल्या ऑक्टोबरात कर्शॉसमोर ६ इनिंग्जमध्ये फक्त एक हिट दिला होता, त्यालाही घालवला.

आकडेमोड | ३० जुलै

तात्या, विल्सनची ती रात्र सोन्याची होती, पण त्यानंतर तो ग्विनेट (आपला मायनर लीग संघ) आणि अटलांटा यांच्यात ये-जा करतोय. पाचव्या स्टार्टरची जागा दर महिन्याला बदलते आणि मागे रांग उभी आहे.

सोलेरच्या .१९२ कडे बघू नका, तो चेंडू किती जोरात मारतो ते बघा. रॉयल्सचं कॉफमन स्टेडियम मोठं, तिथे खोल जाणारे बरेच चेंडू झेलात जातात. आपल्या ट्रुइस्ट पार्कला उजवा कोपरा ३२५ फूट, डावा ३३५.

माझी खरी काळजी सेंटरफिल्ड. चारही बॅटर कोपऱ्यातले. एरेडिया पकडतो चांगला पण मारत नाही. पीडरसन सेंटरमध्ये तात्पुरता. डुव्हॉलला मी तिथे उभा करून बघेन, त्याचे पाय वाटतात त्यापेक्षा बरे आहेत. सोलेर उजव्या कोपऱ्यात धोका आहे. आघाडी असेल तर सातव्या इनिंगला बदलायचा.

डावखुरा | ३० जुलै

रॉड्रिगेझबद्दल थंड पाण्याचा शिपका. ईआरए २.८२, १४ सेव्ह, कागदावर छान. पण तो जवळजवळ फास्टबॉलवरच जगतो आणि २१ जूनपासून लीगने पिचर चेंडूला लावतात त्या चिकट पदार्थांची तपासणी सुरू केल्यावर त्या चेंडूची फिरकी उतरलीय. ३८ इनिंग्जमध्ये ३३ स्ट्राइकआउट हा क्लोझरचा आकडा नाही. नववी इनिंग स्मिथकडेच ठेवावी, याला सातवीत, तळाच्या फलंदाजांसमोर.

सर्वांत आवडलेला ट्रेड रोसारियोचाच. तुम्ही म्हणाल जखमी माणूस कशाला. ऑगस्टमध्ये ट्रेड नाहीत, म्हणजे एक महिन्याने कोणी मोडला तर भरपाईला कोणी मिळणार नाही. तेव्हा बरा होणारा माणूस आत्ताच घेऊन ठेवला. ३१ ऑगस्टच्या आत संस्थेत असल्याने ऑक्टोबरलाही पात्र. आयएलवरच्या खेळाडूचा ट्रेड चालतो, फक्त दोन्हीकडचे डॉक्टर कागदपत्रं तपासतात, म्हणून हा भाव.

नवखा_पुणेकर | ३१ जुलै, पहाटे २ (भारतीय वेळ)

मग रोजचा संघ कसा लागेल? उजव्या पिचरसमोर आणि डाव्यासमोर?

आकडेमोड | ३० जुलै, सायंकाळी

उजव्यासमोर : डावीकडे डुव्हॉल, सेंटरला एरेडिया किंवा पीडरसन, उजवीकडे सोलेर. डाव्यासमोर पीडरसन बाकावर, एरेडिया सेंटरला. रोसारियो आला की उजव्यासमोर तो डावीकडे आणि डुव्हॉल सेंटरला. पीडरसन नाहीतर एरेडिया बाकावर असणं ही चैनच आहे, कारण पिचरची बॅटिंगची पाळी आली की सहाव्या-सातव्या इनिंगला पिंच-हिटर लागतोच. आतापर्यंत त्या जागी आपण काय उभं करत होतो ते आठवा.

मृणाल_कमिंग | ३० जुलै, रात्री

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. डुव्हॉल, सोलेर, रॉड्रिगेझ येणार म्हणजे २६ मधून तिघांना जायला हवं. विल्सन गेला, आर्सियाकडे ऑप्शन (वेव्हरशिवाय मायनरमध्ये पाठवायची मुभा) उरले आहेत का ते तपासते. अल्मोन्टेला आता जागा दिसत नाही. रोसारियो आधी ग्विनेटला रिहॅब करेल. बॅटरला रिहॅबचे जास्तीत जास्त २० दिवस मिळतात, पिचरला ३०. ते २० दिवस सुरू झाल्याची बातमी दिसली की इथे टाका, तोपर्यंत डारनोही आलेला असेल आणि २६ मधून अजून एक नाव काढावं लागेल.

तात्या_१९९५ | ३० जुलै, रात्री

व्होगटला काढा. आणि मॉर्टनबद्दलचं माझं मत तसंच आहे, फक्त आता विकायला दुकान बंद झालंय.